चाकाला लागणारं वजन

मी गेले होते ती फक्त एक पिशवी आणायला.

तो दिवा तिथंच असू द्या, बारीक करू नका. मी सांगतेय ते रात्रीबित्रीचं नाही, भर दुपारचं आहे. रविवार होता आणि साडेबारा वाजले होते. तरी सांगताना मला उजेड लागतो.

माझे बाबा लिफ्टचे मिस्त्री होते. चौतीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. शहरातल्या अकरा जुन्या इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या हाताखाली होत्या. आमच्या आळीत टेलिफोन पहिल्यांदा आमच्याकडे आला, तोही श्रीमंतीनं नव्हे. कुठंतरी कुणीतरी अडकलं की तो वाजायचा आणि बाबा ताटावरून उठायचे. आई म्हणायची, "ह्यांच्या पोटात घास कमी गेलेत आणि लोकांचे फोन जास्त."

हाताला सदा ग्रीसचा वास. रॉकेलनं धुवायचे, मग साबणानं, मग पुन्हा रॉकेलनं, पण नखांच्या कडा काळ्या त्या काळ्याच. दिसायला किडकिडीत, पण मनगटं पहिलवानाची. स्वतः मात्र लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचे नाहीत. सहा मजले जिन्यानं चढायचे. विचारलं तर म्हणायचे, "अगं ठमे, लिफ्टनं वर जायची सवय लागली तर लिफ्ट बंद पडल्यावर वर कोण जाणार? तू?"

ठमी म्हणजे मी. मोठी होऊन शाळेत बाई झाले तरी त्यांच्यासाठी ठमीच.

कामाची त्यांची एक रीत होती. लाइट गेली आणि माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकला, की बाबा गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचे. तिथं जमिनीला एक भोक असतं, त्यातून लिफ्टचे तारेचे दोर खाली जातात. त्या भोकाशी तोंड नेऊन ते आधी विचारायचे, "आत किती जण आहेत?" मग ब्रेक सैल करून मोठं लोखंडी चाक हातानं फिरवत लिफ्ट जवळच्या मजल्याला आणायचे. आतला माणूस घाबरून रडायला लागला तर त्याला सतराचा पाढा म्हणायला लावायचे. "सतराचा का?" मी लहानपणी विचारलं होतं. "कारण तो कुणालाच येत नाही," बाबा म्हणाले, "माणूस आकडे शोधत बसतो आणि घाबरायचं विसरतो."

मला त्यांचा राग यायचा, हेही सांगायला हवं. माझ्या बक्षीस समारंभाला ते आले तेव्हा सभागृहात खुर्च्या आवरत होते. माझ्या साखरपुड्यात मधेच उठून गेले. अडकलेली माणसं त्यांना घरच्यांपेक्षा जवळची. शेवटच्या संध्याकाळी मी तसं तोंडावर बोललेही. "बाबा, तुम्हाला भेटायचं तर आम्हीही लिफ्टमध्ये अडकायचं का आता?" ते हसले नाहीत. सायकलची किल्ली घेतली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात फळ्यावर गणित लिहीत होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघून माझा खडू मोडला. बाबा त्यांच्या अकरापैकी एका सहा मजली इमारतीच्या मशीनरूममध्येच गेले होते. हृदय बंद पडलं. वय अठ्ठावन्न. कधी डोकं दुखलं म्हणून झोपलेला माणूस नव्हे.

मी रडले नाही. लोक म्हणाले, पोरगी धीराची. धीर कसला, मला काही कळतच नव्हतं. तीन आठवडे मी शाळेत जात होते, जेवत होते, आणि टेलिफोन वाजला की चटकन आत बघत होते, बाबा उठले का म्हणून.

मग आई म्हणाली, "त्यांची हत्यारांची पिशवी तिथंच आहे अजून. परक्याच्या हातात नको जायला. तू घेऊन ये."

किल्ल्यांचा जुडगा आमच्याकडेच होता. मशीनरूमच्या कुलपाला एकच किल्ली, तीही त्यात. नव्या मिस्त्रीला ती एक वाजता द्यायची आणि पिशवी घेऊन यायचं, इतकंच काम होतं.

इमारत दवाखान्यांची आणि कचेऱ्यांची. रविवारी सगळी दारं बंद, बोळ अंधारे. फिनेलचा आणि बंद कागदांचा वास. वॉचमन बाहेर पायरीवर खुर्ची टाकून बसला होता. मला बघून उठला.

"ताई, लिफ्टनं जा वर. चालू आहे. बाबांनंतर एकदाही बिघडली नाही."

मी जिन्यानंच गेले. का कोण जाणे.

चौथ्या मजल्यावर मात्र एक दार उघडं होतं. तिथं रफू करणाऱ्या एक बाई बसायच्या. साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर कुणाचा तरी कोट. मी कोण ते कळल्यावर त्यांनी सुई कोटात खोचली आणि मला हाताला धरून बसवलं.

"तुमच्या वडिलांनीच त्या दिवशी मला बाहेर काढलं," त्या म्हणाल्या.

"कुठल्या दिवशी?"

"अहो, गेले त्याच दिवशी. शेवटचं काम त्यांनी माझं केलं बघा. दहा वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. घड्याळ बघितलं होतं मी, गिऱ्हाईक यायचं होतं ना. चांगली पंचवीस मिनिटं मी आत होते. सारखे बोलत होते वरून माझ्याशी."

वॉचमननं आम्हाला सांगितलं होतं ते मला पाठ होतं. दहा दहाला लाइट गेली. लिफ्टमध्ये कुणी अडकलंय हे सांगायला तो धावत वर गेला, तर बाबा जमिनीवर पडलेले. अंग गार. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, जाऊन तासभर तरी झालाय.

म्हणजे वॉचमन त्यांच्या छातीला हात लावून बसला होता तेव्हा...

"काय बोलत होते?" मी विचारलं.

"आधी विचारलं, आत किती जण. म्हटलं मी एकटी. तर म्हणाले, बाई, नीट बघा. मी म्हटलं, मिस्त्री, ह्या वयात मी काय दोघींएवढी झालेय होय?" बाई हसल्या, पण हसणं ओठांवरच राहिलं. "ते म्हणाले... चाकाला दोघांचं वजन लागतंय."

"मग?"

"मग काही नाही. लिफ्ट मजल्याला लागली. मी बाहेर आले. ते वरून म्हणाले, दार लगेच ओढून घ्या. मी ओढलं." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "तेव्हापासून मीही जिन्यानंच जाते, बाळ. कुणाला सांगितलं नाही. म्हातारी बरळतेय म्हणतील."

मी उठले. वर गेले. गच्चीवर लख्ख ऊन होतं, डोळे दिपावेत असं. त्या उन्हात उभं राहून मी स्वतःला समजावलं की बाईंचं घड्याळ पुढं असेल.

मशीनरूमचं कुलूप काढलं. आत मोटार, चाक, लाल रंग दिलेली ब्रेकची दांडी, आणि बाबांचा वास. ग्रीस, रॉकेल आणि खाली थोडासा घामाचा. खिळ्याला त्यांचा पंचा. कोपऱ्यात खाकी पिशवी, तिच्या बंदाला त्यांनी स्वतः घातलेले टाके. मी पिशवीवर हात ठेवला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा रडले. भरपूर रडले. मग तोंड पुसलं, पिशवी उचलली, दार ओढून कुलूप लावलं आणि ते दोनदा हिसडून बघितलं. हे मी मुद्दाम सांगतेय. कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या मुठीत होती.

पिशवी वीस किलोची तरी असेल. सहा मजले ती घेऊन उतरणं जमणार नव्हतं. म्हणून मी लिफ्टमध्ये शिरले.

खरं सांगू? पिशवी हे निमित्त. बाईंनी ऐकलेला आवाज मला ऐकायचा होता.

जुनी लिफ्ट, लाकडी केबिन, ओढायचं जाळीचं दार. वर पिवळा दिवा. बटण दाबलं. पाचवा गेला. चौथा गेला. त्याच्या खाली भिंत सरकायला लागली आणि दिवा विझला.

लिफ्ट गचका खाऊन थांबली.

तेव्हा खिशात फोन नसायचे. काडेपेटीही नव्हती. बाहेर ऊन पडलंय हे तिथं उभं राहून खोटं वाटावं असा काळोख. मी मिस्त्रीची मुलगी, लिफ्टला घाबरायचं नाही हे लहानपणापासून शिकलेली. भिंतीला पाठ लावली, पिशवी पायाशी ठेवली आणि थांबले. कुठूनतरी तेलाचा थेंब पडत होता. टप्... टप्...

मग वर, खूप वर, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला.

"आत किती जण आहेत?"

बाबांचा आवाज. तसाच, थोडा घोगरा, शेवटचा शब्द लांबवणारा.

तीन आठवडे ज्या आवाजासाठी कान टवकारले, तो आला तर मी तोंडावर हात दाबून धरलेला.

"आत कोण आहे? बोला. घाबरू नका."

"बाबा..." मी म्हटलं. "बाबा, मी आहे."

वरचं घासणं थांबलं. मग आवाज आला तो एकदम हळू, भोकाशी तोंड नेऊन बोलल्यासारखा.

"ठमे, तू का आलीस इथं?"

"तुमची पिशवी न्यायला."

"एकटी आहेस?"

"हो."

"नीट बघ."

"अंधार आहे, बाबा. काही दिसत नाही."

"मग बघू नकोस," ते घाईनं म्हणाले. "कुठं हात लावू नकोस. भिंतीला पाठ ठेव. मी खाली घेतोय तिसऱ्यावर. चाकाला तिघांचं वजन लागतंय, पोरी. वेळ लागेल."

चाक फिरायला लागलं. दर फेऱ्याला कुरकुर व्हायची आणि लिफ्ट बोटभर सरकायची. वर बाबांचा श्वास ऐकू यायचा, जड वस्तू ओढताना लागतो तसा. मला कितीतरी विचारायचं होतं. दुखलं का, तहान लागली होती का, त्या संध्याकाळचं मी बोलले ते मनात ठेवलं का. तोंडून निघालं एवढंच, "बाबा, मला भीती वाटतेय."

"पाढा म्हण."

मी डोळे मिटले. "सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न." लिफ्ट सरकत होती. "सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचा पंच्याऐंशी. सतरा सक..."

मी अडले. शिक्षिका असून अडले. डोक्यात आकडाच येईना.

"एकशे दोन."

हे वरून आलं नाही.

माझ्या उजव्या कानाशी, उबदार, मदत केल्यासारख्या हलक्या सुरात. बाईचा होता की पुरुषाचा, आजही सांगता यायचं नाही. श्वासाला ओल्या लोखंडाचा वास होता.

मी किंचाळले नाही. किंचाळायला श्वास घ्यावा लागतो आणि मला ती हवा नाकात घ्यायची नव्हती.

वर चाक थांबलं.

"ठमे... आत्ता बोललं ते तू?"

मी मान हलवली. अंधारात कुणाला दिसणार?

"कळलं," बाबा म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. बाबांना भीती वाटत होती. "आता पाढा नको. काही बोलू नकोस. कुणी काही विचारलं तरी उत्तर देऊ नकोस."

चाक जोरात फिरायला लागलं. डाव्या बाजूला फळी करकरली. कापडाला कापड लागावं तसं काहीतरी माझ्या कोपराला घासून गेलं आणि समोर, दाराच्या आणि माझ्या मधे, जाऊन उभं राहिलं. मला त्याची उष्णता जाणवत होती.

जाळीतून खाली करड्या उजेडाची एक रेघ आली. तिसऱ्या मजल्याचा बोळ. रेघ रुंद होत गेली. त्या उजेडात मी समोर बघितलं.

समोर काहीच नव्हतं. जाळी, बोळ, बंद कचेरीची पाटी. पण ती पाटी मला नीट वाचता येत नव्हती. तापलेल्या तव्यावरून पलीकडचं दिसावं तशी अक्षरं हलत होती.

"दार उघड," बाबा म्हणाले. "पिशवी राहू दे. सरळ चालत ये, मधे थांबायचं नाही. बाहेर आलीस की दार ओढून घे. मग मी ह्यांना वर घेतो."

त्या उष्णतेतून मी चालत गेले. कशी गेले ते विचारू नका. केबिनचं आणि मजल्याचं, दोन्ही दारं सरकवली, बाहेर पडले, मागं वळून दारं आपटली आणि समोरच्या भिंतीला टेकले.

लिफ्ट वर निघाली. लाइट नव्हती, मोटारचा आवाज नव्हता. फक्त चाकाची कुरकुर आणि तो दमलेला श्वास, एकेक बोट, एकेक बोट. केबिनचा तळ माझ्या डोळ्यांसमोरून वर गेला.

"बाबा," मी जाळीला तोंड लावून ओरडले, "त्या दिवशी मी उगाच बोलले हो!"

कुरकुर क्षणभर थांबली.

"घरी जा," ते म्हणाले. "आईला सांग, जेवलोय."

पुन्हा कुरकुर सुरू झाली. मग वर कुठंतरी तीही थांबली.

मी खाली आले तेव्हा नवा मिस्त्री पोचला होता. चाळिशीचा, हसतमुख, बाबांना गुरू मानणारा. मी काय बोलले ते धड आठवत नाही. वॉचमननं पाणी दिलं. रविवारी ह्या भागातली लाइट जातेच, म्हणाला. आणि वर कुणीच गेलेलं नाही, तो दारातच बसून होता.

"ताई, मनाला लागलंय तुमच्या," नवा मिस्त्री समजुतीनं म्हणाला. "चला, बघू तरी. माझ्याबरोबर चला."

पुढं ती लिफ्ट कायमची बंद केली, दारांना पत्रे ठोकले, तो भाग वेगळा. ते ह्या मिस्त्रीनंच करायला लावलं. त्या दुपारी मात्र तो शीळ घालत जिना चढत होता.

लिफ्ट पाचव्या आणि सहाव्याच्या मधे अडकली होती. पाचव्यावर उभं राहिलं तर केबिनचा तळ माझ्या छातीशी येत होता. त्यानं जाळीतून आत बॅटरी मारली. चारही कोपरे बघितले. बाबांची पिशवी, बाकी काही नाही. मीही बघितलं. रिकामी.

गच्चीवर कुलूप जसंच्या तसं होतं. मी किल्ली दिली, त्यानं उघडलं. चाकाला हात लावला आणि त्याची शीळ थांबली. "गरम आहे," तो पुटपुटला. मग स्वतःच म्हणाला, "ऊन. पत्रा तापतो ना."

त्यानं मला समजावून सांगितलं, बहुधा स्वतःलाही. "हे बघा, दोराच्या एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन. ते वजन रिकाम्या केबिनपेक्षा जड ठेवतात. त्यामुळे रिकाम्या लिफ्टचा ब्रेक सोडला की ती आपोआप वर येते. चाकही फिरवावं लागत नाही. तुमची पिशवी आत्ता वर येईल बघा."

त्यानं लाल दांडी हळूच दाबली.

दोर सरकले. चाक फिरलं, आणि मिस्त्रीचा चेहरा उतरला. त्यानं दांडी सोडली, ब्रेक खटकन बसला.

"काय झालं?"

"खाली जातेय."

"म्हणजे?"

"खाली जायला आत निदान चार माणसं लागतात, ताई." तो कुजबुजत होता. "पिशवी धरूनसुद्धा... चार. पाच."

आम्ही दोघं उभे. बाहेर पत्र्यावर ऊन तडतडत होतं. मिस्त्रीनं पुढं होऊन त्या ताणलेल्या दोरांवर तळवा ठेवला, वैद्यानं नाडीवर बोटं ठेवावीत तसा. मग माझं मनगट धरलं आणि माझा हात दोरावर ठेवला.

ब्रेक लावलेला होता. लिफ्ट जागच्या जागी होती. तरी दोर थरथरला आणि थांबला. पुन्हा थरथरला. उभ्या माणसानं अवघडून एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावा, तसा. ती थरथर विरायच्या आत दुसरी आली, तिच्यापेक्षा हलकी. मग तिसरी.